पडद्यावर बहिणीचा पत्ता

आमच्या वधू-वर मंडळाच्या अध्यक्षांनी मला फसवलं, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीलाही फसवलं. हे आधीच लिहून टाकते, कारण सुरतेतल्या आमच्या खानदेशी लोकांत आता दुसरीच गोष्ट फिरते आहे. कॉम्प्युटरवालीच्या हातून चूक झाली म्हणे. ती कॉम्प्युटरवाली मी. माझ्या हातून चूक झाली नाही. झाली असती तर हे लिहायला बसलेच नसते, तोंड मिटून घरात राहिले असते.

अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. मीही लहानपणापासून म्हणत आले. लूमच्या दोन खात्यांचे, म्हणजे कापडाच्या कारखान्यांचे, ते मालक, डिंडोलीत स्वतःचं तीन मजली घर. आमच्या माणसांना गावाहून आणून कामाला लावणारे, अडल्यानडल्याला उभे राहणारे अशी त्यांची ख्याती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांना सुरतेत पहिलं काम त्यांच्याच वडिलांच्या खात्यात मिळालं होतं, आणि याची आठवण आम्हाला दर दिवाळीला करून दिली जायची.

मी काही कॉम्प्युटर घेऊन जन्माला आले नव्हते. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिकले, आणि शाळेत असल्यापासून आई आणि बहिणीबरोबर साड्यांवर खडे चिकटवायचं काम केलं. पर्वत पाटियाच्या बाजूच्या एका व्यापाऱ्याकडून मी गठ्ठा आणायची, मीच परत न्यायची. खडा वाकडा लागलाय म्हणून तो दर वेळी भाव कापायचा. एकदा दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना मी सगळी साडी गादीवर पसरली आणि म्हटलं, "शेठ, वाकडा कोणता ते बोट ठेवून दाखवा, मी इथंच काढते." गिऱ्हाइकंही वाकून बघायला लागली. शेठला एकही दाखवता आला नाही. त्यानंतर तो माझ्याशी भाव करताना आधी चहा मागवायचा. भाव करणं मी तिथं शिकले. पुढे त्याच शेठच्या साड्यांचे फोटो मोबाइलवर काढून त्याच्या गिऱ्हाइकांना पाठवायचं काम धरलं, उधन्याला क्लास लावला, आणि वेबसाइट कशी बांधतात ते बरंचसं व्हिडिओ बघून शिकले. पण पहिलं काम कोणी देईना. आधी कुणाचं केलंय ते दाखव, म्हणायचे. कुणी दिलंच नाही तर दाखवू काय?

म्हणून मंडळाने बोलावलं तेव्हा मी गेले. त्यांना वधू-वरांची साइट हवी होती.

तोवर मंडळ दर वर्षी एक पुस्तिका छापायचं. मुलीचा फोटो, नाव, उंची, रंग, शिक्षण, वडिलांचा धंदा, मामाचं गाव, मोबाइल नंबर, राहायचा पत्ता, सगळं एका पानावर. मेळाव्याला पुस्तिका वाटली जायची आणि मग ती कुठंही जायची. मला एकदा नाक्यावर खमण बांधून मिळालं ते याच पुस्तिकेच्या पानात. मुलगी ओळखीची होती, आमच्या मागच्या गल्लीतली. तिच्या तोंडावर तेल उतरलं होतं आणि नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता. मी ते पान घरी आणून जाळलं.

आबांच्या खात्याला लागून असलेल्या ऑफिसात बैठक झाली. बाजूला लूम चालू असले की तिथं सगळ्यांना ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे साधं बोलणंही भांडणासारखं वाटतं. आबा होते आणि मंडळाचे चिटणीस होते, निवृत्त शिक्षक. लग्नाची बैठक असते तशीच ती बैठक झाली. आधी इकडचं तिकडचं, मग माझ्या वडिलांचं कौतुक, मग समाजाचं काम आहे, समाजाच्या लेकीने त्यात काय कमवायचं. मी म्हटलं, समाज लूमवरचं कापडही फुकट वाटत नाही. चिटणीस हसले, आबा हसले नाहीत.

मी भाव चढा सांगितला होता, उतरायचं ठरवूनच. उतरायच्या बदल्यात काय मागायचं हेही ठरवून गेले होते. माझी एक अट होती. मुलीचं वय, शिक्षण, उंची, मूळ गाव कुणालाही दिसेल. फोटो, नाव, नंबर, पत्ता बंद राहील. एखाद्या स्थळाला पुढे बोलायचं असेल तर आधी मुलीच्या मोबाइलवर निरोप जाईल, आणि ती हो म्हणाली तरच त्या एका घराला तिची माहिती उघडेल. आबांनी विचारलं, आणि बापाला? मी म्हटलं, बाप तिच्या घरातच असतो, त्याने तोंडाने विचारावं. त्यावर बराच वेळ घासाघीस झाली. त्यांनी मोबाइल वडिलांचा ठेवू म्हटलं, मी नाही म्हटलं. त्यांनी फोटो उघडा आणि नंबर बंद ठेवू म्हटलं, मी तेलात भिजलेल्या त्या पानाची गोष्ट सांगितली. शेवटी मी भाव आणखी खाली आणला, इतका की घरी सांगायची लाज वाटली, आणि आबांनी अट मान्य केली. चिटणिसांच्या डब्यातली सुपारी काढून त्यांनी अडकित्त्याने फोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "जमलं. आता मुलीचा शब्द तो मंडळाचा शब्द."

आमच्यात सुपारी फुटल्यावर माघार नसते. लग्न मोडलं तर लोक वर्षानुवर्षं बोलतात, सुपारी फुटली होती म्हणून. साइटला ते लागू नाही का?

मग मी डिंडोलीच्या सोसायट्या पालथ्या घातल्या. माहिती बापाकडून घेतली नाही, मुलींकडून घेतली. प्रत्येकीने पहिला प्रश्न एकच विचारला, हे कोणाकोणाला दिसणार? प्रत्येकीला मी तेच उत्तर दिलं. त्या उत्तरामुळे त्यांनी मला फोटो दिले. स्टुडिओतले, साडी नेसून हात जोडून काढलेले दिले नाहीत. चष्मा लावलेले दिले, केस मोकळे सोडलेले दिले. एकीने नर्सच्या ड्रेसमधला, दोन पाळ्या सलग केल्यावरचा फोटो दिला आणि म्हणाली, ताई, मला असंच बघून कोणी हो म्हणालं तर बघू. एका मुलीच्या आईने मला दारातूनच परत पाठवलं होतं. त्या मुलीने खाली येऊन रिक्षा स्टँडजवळ उभ्याउभ्या माहिती भरली.

आणि आक्काने भरली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण.

आक्काचं लग्न धुळ्याकडे झालं होतं. नवरा मारायचा. ती निघून सुरतेला आमच्याकडे आली, कोर्टाकडून सुटका झाली, तरी तो आमच्या घरी येऊन जिन्यात बसायचा. शेवटी आक्काने वेगळी खोली घेतली, ती कुठं आहे ते आम्ही गावाकडच्या कोणालाच सांगितलं नाही. मामालाही नाही. साडी कटिंग-फोल्डिंगच्या कामावर ती पायी जायची, पायी यायची. एक खोली, एक मोरी, खिडकीत तिने मेथी लावली होती. तिथं तिने एकदा मला जेवायला बोलावलं आणि ताट वाढून समोर बसली तेव्हा म्हणाली होती, या घरात दार वाजलं की मी सरळ जाऊन उघडते.

पुन्हा लग्नाचा विषय तिनेच काढला. माहिती भरताना आम्ही घरातल्यासारखं अहिराणीतच बोलत होतो. पत्त्याच्या रकान्यापाशी ती थांबली. मंडळाला खात्री करायला पत्ता लागायचा.

"मना पत्ता त्याले दिसाव नही ना?" तिने विचारलं. माझा पत्ता त्या नवऱ्याला दिसणार नाही ना, असं.

"नही दिसाव," मी म्हटलं. "मी सांगस ना."

तिने पत्ता लिहिला. मजला, खोली, सगळं.

काम पुरं झाल्यावर साइटचा पासवर्ड मी आबांना दिला. घर बांधून झालं की चावी मालकाची, यात गैर काही नाही, आणि ठरलंही तसंच होतं. आबा नंतर म्हणाले, मला यातलं काय कळतंय. त्यांना सगळं कळतं. खात्यातले कॅमेरे ते मोबाइलवर बघत बसतात, कोणता कारागीर लूम सोडून बिडीला गेला ते घरी जेवता जेवता सांगतात. फोटो बंद कसे, उघडे कसे, हे मी त्यांना शेजारी बसून दाखवलं होतं आणि उघडायचे नाहीत हेही सांगितलं होतं.

उद्घाटन मेळाव्यातच ठेवलं होतं. वाडी, म्हणजे आमच्याकडचं लग्नाचं कार्यालय, माणसांनी भरली होती. स्टेजवर टेबल, टेबलावर माझा लॅपटॉप, आणि लॅपटॉपला लाल फीत बांधलेली. पाहुणे फीत कापणार, मग बटण दाबणार. त्याआधी पूजा. लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते चाललं. पण कोणीतरी नारळ टेबलाच्या कडेवरच फोडायला घेतला, तेव्हा मी धावत जाऊन लॅपटॉप पोटाशी धरला. लोक हसले. मीही हसले. माझं पहिलं काम होतं, नवी साडी नेसले होते, आई पहिल्या रांगेत बसली होती. बायकांच्या बाजूला, खांबाशेजारी आक्का होती.

पाहुण्यांनी बटण दाबलं आणि मागच्या मोठ्या पडद्यावर मुलींचे चेहरे आले.

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बघते आहे. जिथं बंद फोटोंचे राखाडी चौकोन असायला हवे होते तिथं चेहरे होते. नर्सच्या ड्रेसमधली मुलगी होती. रिक्षा स्टँडवरची मुलगी होती, आणि तिची आई माझ्या समोरच बसलेली होती. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, नंबर, पत्ता. आबांनी माइक हातात घेतला.

"आपल्या मंडळाचा कारभार उघडा असतो," ते म्हणाले. "मुलींची तोंडं झाकून कोणाचं लग्न जमतं का? कुलूप होतं, ते मी काल स्वतः काढून टाकलं."

टाळ्या पडल्या. हे वाक्य सगळ्या वाडीने ऐकलं. परत लिहिते, मी स्वतः काढून टाकलं, असं ते माइकवर म्हणाले.

मग ते पाहुण्यांना एकेक पान उघडून दाखवू लागले. लोकांनी मोबाइल वर केले, कोणी पाहुण्यांचे फोटो काढत होतं, कोणी पडद्याचे. पुनर्विवाहाचा विभाग आला आणि आक्काचं पान उघडलं. हातभर मोठा तिचा चेहरा, घटस्फोटित हा शब्द, आणि खाली सोसायटीचं नाव, मजला, खोली. मी आक्काकडे बघितलं. तिने पदर डोक्यावर ओढला, बाजूच्या बाईच्या मांडीवरून पाय उचलून टाकत रांगेतून बाहेर पडली आणि चप्पल न घालताच गेली. चप्पल नंतर आईने पिशवीतून आणली.

मी स्टेजवर गेले आणि आबांच्या कानाशी सांगितलं, आधी हे बंद करा. ते माइक बाजूला धरून म्हणाले, "बेटा, पाहुण्यांसमोर तमाशा नको. जेवणं झाल्यावर बघू."

मी खाली येऊन माझ्या मोबाइलवरून बंद करायला गेले. पासवर्ड बदललेला होता. चिटणिसांना विचारलं, त्यांना ठाऊक होता, त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. ते म्हणाले, आबांना विचारल्याशिवाय कसा देऊ? मी म्हटलं, सर, तुम्ही मला चौथीत शिकवलंय, त्या पोरींपैकी अर्ध्यांना शिकवलंय. ते म्हणाले, म्हणूनच सांगतो, शांत राहा. वरण-बट्टी वाढायला सुरुवात झाली होती. लोक जेवले, हात धुतले, पुन्हा पडद्यासमोर जाऊन हसत उभे राहिले. पाहुण्यांची गाडी वाडीच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा आबांनी चिटणिसांना साइट बंद करायला सांगितली.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. पडद्याचे फोटो कोणत्या कोणत्या ग्रुपवर गेले याचा हिशेब कोण ठेवणार? सुरत आणि खानदेश यांच्यात अंतर आहे कुठे, एक गाडी पकडली की इकडचा माणूस तिकडे. त्याच आठवड्यात आक्काला फोन आला. तो होता. म्हणाला, सुरतेत झोकात संसार मांडलाय, नवराच तेवढा कमी आहे. मग तो स्वतः आला. सोसायटीच्या फाटकासमोरच्या पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, बसून राहिला, संध्याकाळी जिन्यात जाऊन दार बडवलं. पोलिसांना बोलावलं, त्यांनी त्याला नेलं आणि सोडलं. खोलीमालक गुजराती, भला माणूस. तो हात जोडून म्हणाला, बेन, माझ्याही घरात लेकी आहेत, तुम्ही दुसरी जागा बघा.

आक्का आता माझ्याकडे असते. काम सुटलं, कारण कामाची जागाही त्याने बघून ठेवली. दार वाजलं की ती मोरीत जाते. मला ती एकदाही काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते, भांडायला मला येतं.

मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला, की तांत्रिक चुकीमुळे काही काळ माहिती उघडी राहिली, साइट बनवणारी मुलगी नवीन आहे, समाजाने सांभाळून घ्यावं. सांभाळून घ्यावं! खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. रिक्षा स्टँडवरच्या मुलीच्या आईने मला रस्त्यात गाठून जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती रागावली यात तिचं चुकलं नाही, माणूस तेवढा चुकीचा निवडला.

मी आबांच्या खात्यावर गेले. लूम चालू होते, त्यामुळे मी ओरडले तरी कारागिरांना ते नेहमीचंच वाटलं असेल. मी विचारलं, ग्रुपवर खोटं का लिहिलं? आबांनी मला बसायला सांगितलं. पुस्तिकेत इतकी वर्षं छापत आलो, तेव्हा कोणाचं काय बिघडलं, म्हणाले. मी म्हटलं, बिघडलं की नाही ते तुम्ही कधी विचारलं होतं का? आणि आक्का तुमच्या पुस्तिकेत कधीच नव्हती. ती माझ्या अटीवर आली होती, जी तुम्ही मान्य केली होती.

 आबा म्हणाले, "तुझ्या बहिणीने असं काय केलंय, की तिला तोंड लपवावं लागतं?"

"तिने काही केलेलं नाही," मी म्हटलं. "करणारा तिचा नवरा होता. त्याला पत्ता तुम्ही दिला."

त्यावर ते आवाज उतरवून बोलायला लागले, म्हणजे लूमच्या आवाजात ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. त्यांच्या मुलाला कापडाची मोठी साइट करायची आहे. काम मला देतील, भाव मी म्हणेन तो. पोरीचं नाव होईल. फक्त हा विषय आता उगाळायचा नाही. आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला म्हणाला, भाव तू सांग. मी उठले. भाव सांगितला नाही, आणि चहा आलेला होता तो तसाच ठेवला.

तेव्हापासून मी त्या मेळाव्याला आलेल्या माणसांना विचारते आहे, आबा माइकवर काय म्हणाले ते आठवतं का? गोंगाट होता, म्हणतात. आम्ही जेवायला गेलो होतो, म्हणतात. ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेही म्हणतात. चिटणीस म्हणतात, वयामुळे माझ्या लक्षात राहत नाही. माझ्या चौथीच्या वर्गातले सगळ्यांचे हजेरी क्रमांक त्यांच्या लक्षात आहेत. माझी एकटीची सगळे समजूत घालतात, की आबांचे उपकार विसरू नको, तुझ्या बापाला त्यांनी उभं केलं. माझा बाप त्यांच्या खात्यात उभा राहून बहिरा झाला. उपकार कोणाचे कोणावर ते एकदा बसून बघू या, मी तयार आहे.

मला नवं काम नको. साइटवरची माफीही नको, ती कोणी वाचत नाही. मला एवढंच हवं, की आबांनी मंडळाच्या सभेत, सगळ्यांसमोर, "कोणत्याही मुलीला न विचारता तिची माहिती मी उघडली," असं म्हणावं. नंतर माझ्या घरी यावं. दार वाजवायच्या आधी खालून हाक मारावी, म्हणजे माझी बहीण घाबरणार नाही. तिच्यासमोर बसावं आणि तिने आता कुठं राहायचं, कुठं कामाला जायचं, हे तिला सांगावं. तुम्हाला तिच्या घराचा पत्ता सगळ्या जगाला सांगता आला, आबा. आता तिचं घर कुठं आहे ते तिला सांगा.